बारावीला जीपीए २.३, तरीही यूसी? कम्युनिटी कॉलेजच्या वाटेचं खरं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं मराठी कुटुंब. मुलगा बारावीत, जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) २.३, गणितात आणि केमिस्ट्रीत डी. जिथे जिथे अर्ज केला तिथून नकार आला. त्याला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कली, यूसीएलए, निदान डेव्हिस मिळेल का, की हायस्कूलचे मार्क कायमचे आडवे येतील?

हायस्कूलचे मार्क आडवे येणार नाहीत. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात, त्यामुळे ही काही मागच्या दारानं शिरण्याची युक्ती नाही, राज्यानं मुद्दाम बांधलेला रस्ता आहे. आडवं येतं ते कॅलेंडर. घरोघरी समज असा की दोन वर्षं शिकायचं आणि मग अर्ज करायचा. प्रत्यक्षात यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस जातो. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलाकडे तेव्हा दाखवायला दोन सेमिस्टर आणि एक उन्हाळा एवढंच असतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या ग्रेड्स जानेवारीत कळवता येतात, चौथीच्या ग्रेड्स लागेपर्यंत निकाल लागलेले असतात. पाटी कोरी मिळते हे खरं, पण तिच्यावर लिहायला दोन वर्षं नाहीत, जेमतेम एक वर्ष आहे. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवरून उलट मोजत आणायचं.

आधी काय मोजलं जातं ते पाहू. ज्युनियर म्हणून, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यूसी कॉलेजातल्या ट्रान्सफर होणाऱ्या कोर्सेसचा जीपीए पाहते. किमान अट ६० सेमिस्टर युनिटं (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप), कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ जीपीए, आणि सात कोर्सेसचा एक ठरलेला संच: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि उरलेले चार कला-मानव्य, समाजशास्त्र, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले. एसएटी लागत नाही, शिफारसपत्रं लागत नाहीत. २.४ हा आकडा मात्र फक्त अर्ज वाचला जावा यासाठी आहे. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए त्याच्या खूप वर असतो. यूसी दरवर्षी कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) यांनुसार ट्रान्सफर प्रवेशाचे आकडे जाहीर करते: किती अर्ज, किती प्रवेश, मधल्या निम्म्या मुलांचा जीपीए कुठून कुठवर. मंडळातल्या कुणाच्या मुलाला काय मिळालं यापेक्षा तो तक्ता उघडून बसा.

जुने मार्क तीन ठिकाणी मात्र डोकं वर काढतात.

पहिलं ठिकाण खाजगी विद्यापीठं. यूएससी, स्टॅनफर्ड यांसारखी विद्यापीठं ट्रान्सफरलाही हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट मागतात. कॉलेजची युनिटं जितकी जास्त तितकं त्याचं वजन कमी होतं, पण शून्य होत नाही. म्हणून एका वर्षातच, ३० युनिटांवर खाजगी ठिकाणी उडी मारायचा बेत २.३ वाल्या मुलानं करू नये.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं आहे, कारण ते लक्षातच नसतं. बे एरियातली पुष्कळ मुलं हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखाददुसरा कोर्स करतात. त्याला ड्युएल एन्रोलमेंट म्हणतात. तो कोर्स ट्रान्सफर होणारा असेल तर त्याची ग्रेड कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डमध्ये जाते आणि यूसीच्या जीपीएत मोजली जाते. दहावीच्या उन्हाळ्यात घेतलेला आणि अर्ध्यावर विसरलेला कोर्स एफ म्हणून तिथे बसलेला असू शकतो. मुलानं असं काही केलं होतं का, हे आजच विचारा आणि त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागवा. अर्जात प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो. लपवलं आणि नंतर सापडलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो.

तिसरं ठिकाण प्लेसमेंट, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते, आणि इथे थोडं थांबायला हवं. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर कॅलिफोर्नियात प्रवेशपरीक्षा घेऊन मुलांना वर्षानुवर्षं पायाच्या गणितात अडकवून ठेवणं बंद झालं. आता हायस्कूलच्या जीपीएवरून ठरतं, पण फक्त एवढंच ठरतं की सोबत मदतीचा जोडवर्ग हवा की नको. मूळ चौकटीप्रमाणे इंग्रजीला २.६ च्या खाली आणि स्टॅटिस्टिक्सला ३.० च्या खाली जोडवर्ग सुचवतात. तुमच्या मुलाला दोन्हीकडे तो सुचवला जाईल. घ्यायलाच हवा असं नाही, पण घ्यावा. आठवड्याचे एक-दोन तास जास्त जातात आणि त्याच प्राध्यापकाकडून सराव करून मिळतो. मुलं कमीपणा वाटून तो टाळतात.

गणितात अडचण खरी आहे. २०२२ च्या एबी १७०५ मुळे अभियांत्रिकी आणि कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्या मुलांना आता बहुतेक ठिकाणी थेट कॅल्क्युलसमध्ये, किंवा फार तर त्याआधीच्या एका तयारीच्या कोर्समध्ये बसवतात. ज्याला अल्जिब्रा टू मध्ये डी होता, त्याला पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस. अशी मुलं डेरिव्हेटिव्हला अडत नाहीत. अपूर्णांकांचे व्यवहार, घातांक, ट्रिग्नोमेट्री, समीकरणातून एक चल वेगळा काढणं, इथे अडतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट या उन्हाळ्याचं काम एकच: रोज दीड-दोन तास अल्जिब्रा आणि ट्रिग्नोमेट्री. पुष्कळ कॉलेजांत उन्हाळ्यात गणिताच्या तयारीचे विनाशुल्क वर्ग असतात. ते घ्या. कोडिंगचा कॅम्प या उन्हाळ्यात नको.

आता पहिली सेमिस्टर. पूर्णवेळ म्हणजे १२ युनिटं. दोन वर्षांत ६० करायची तर सेमिस्टरला १५ पडतात, म्हणून घाबरून पालक १६-१७ घ्यायला लावतात. माझा आग्रह १२ ते १३ चा आहे: जोडवर्गासह कॅल्क्युलस, इंग्रजी लेखन, आणि एक तुलनेनं हलका पण ट्रान्सफर होणारा कोर्स, शक्यतो एथ्निक स्टडीज किंवा कम्युनिकेशन. कमी पडलेली युनिटं उन्हाळ्यात भरून काढता येतात. खालावलेला जीपीए भरून काढणं किती जड असतं ते आकड्यांत पाहा. पहिल्या सेमिस्टरला १५ युनिटं, त्यात ११ युनिटांना ए आणि ४ युनिटांच्या कॅल्क्युलसला एफ: ४४ भागिले १५, म्हणजे २.९३. पुढची तब्बल ३० युनिटं सगळी ए आणली तरी जीपीए ३.६४ वर थांबतो. तोच कॅल्क्युलस वेळेत सोडला असता तर ११ युनिटांवर ४.० राहिला असता.

म्हणून तारखा. प्रत्येक कोर्सला दोन मुदती असतात. पहिली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सेन्ससच्या (कॉलेज पटसंख्या मोजतं त्या दिवसाच्या) आसपास. तोवर सोडला तर रेकॉर्डवर काहीच उमटत नाही. दुसरी मुदत कोर्सचा सुमारे तीन चतुर्थांश भाग संपेपर्यंत. तोवर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) लागतो. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. एखादा असला तर कुणी विचारतही नाही. सेमिस्टरमागून सेमिस्टर डब्ल्यू असले की मात्र तीही एक कहाणी होते. शिवाय दोन गोष्टी: एक कोर्स साधारणपणे तीनदाच घेता येतो, आणि डब्ल्यू सुद्धा त्यात एक प्रयत्न म्हणून मोजला जातो. फेडरल आर्थिक मदत चालू राहायला घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात. दोन्ही मुदती कॉलेजच्या पोर्टलवर प्रत्येक कोर्सपुढे असतात. त्या पहिल्या दिवशी भिंतीवर लिहा. दुसऱ्या मुदतीच्या आदल्या आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन सरळ विचारायचं: आत्ताच्या गुणांवर सी येणं गणितानं शक्य आहे का? उत्तर नाही असेल तर त्याच दिवशी डब्ल्यू.

सीपेक्षा कमी ग्रेड आली तर कोर्स पुन्हा घेता येतो आणि यूसी नवी ग्रेड धरते. सी आलेला कोर्स बी साठी पुन्हा घेतला तर मोजत नाहीत, त्यामुळे सी म्हणजे कायमचा सी. पुन्हा घेण्यासारखा नसलेला जुना डी-एफ अ‍ॅकॅडेमिक रिन्यूअलखाली जीपीएतून वगळता येतो. कॉलेजनं तो मंजूर करून ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंद केली असेल तर यूसी ते मानते. यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. पास-नो पास पर्यायाचा मोह टाळा: यूसी अशी १४ सेमिस्टर युनिटंच धरते आणि मेजरच्या तयारीच्या कोर्सेसना जवळपास सगळीकडे लेटर ग्रेड लागते.

कॉलेज कुठलं? फ्रीमाँटहून ओलोनी जवळचं, आणि बे एरियात डी अँझाचं नाव ट्रान्सफरसाठी मोठं. डी अँझाची कीर्ती खरी आहे. पण ते, आणि फूटहिल, क्वार्टर पद्धतीनं चालतात. बारा आठवड्यांत कोर्स संपतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म. एक आठवडा आजारपणात गेला तर सावरायला वेळ नाही. अभ्यासाची सवय अजून बसायची आहे अशा मुलानं सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अधल्यामधल्या कोर्ससाठी दुसरं कॉलेज चालतं, फक्त एक मालिका दोन पद्धतींत तोडू नका. कॅल्क्युलस सेमिस्टर कॉलेजात तीन कोर्सेसचा असतो, डी अँझात चार क्वार्टरचा. पहिला इकडे आणि दुसरा तिकडे केला तर मधले धडे एकतर दोनदा होतात किंवा राहूनच जातात, आणि विद्यापीठ मालिका अपुरी धरू शकतं. एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर युनिट, हेही हिशेबात धरा.

असिस्ट कसं वाचायचं

असिस्ट डॉट ऑर्ग हे राज्याचं अधिकृत कोष्टक आहे. तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसी किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, ते तिथे मेजरनुसार दिलेलं असतं. काउन्सेलरचा सल्ला, मित्राचा सल्ला, माझा सल्ला, हे सगळं त्यापुढे दुय्यम. पहिली सेमिस्टर सुरू होण्याआधी चार-पाच कॅम्पसची कॉम्प्युटर सायन्सची पानं छापून शेजारी शेजारी ठेवा. सगळीकडे समान असलेले कोर्स आधी: कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या दोन पायऱ्या, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ, लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स बऱ्याच ठिकाणी लागतं, काही ठिकाणी नाही. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलं असेल तर तुमच्या कॉलेजात त्याला जोड नाही. शेजारच्या कॉलेजात आहे का ते बघायचं.

आता क्रम लावून पाहा, म्हणजे दोन वर्षांचं गणित का फिसकटतं ते कळेल. बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय फिजिक्सचा पहिला कोर्स नाही. दुसऱ्या फिजिक्सला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस दोन लागतो. लिनिअर अल्जिब्रालाही बहुतेक ठिकाणी आधी कॅल्क्युलस लागतो. डेटा स्ट्रक्चर्सच्या आधी प्रोग्रॅमिंगचे एक-दोन कोर्स. पहिल्या फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) कॅल्क्युलस एक हुकला किंवा सोडावा लागला, की अख्खी साखळी एक सेमिस्टर मागे. यात काही कोर्स फक्त फॉलला किंवा फक्त स्प्रिंगला (जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला) असतात, मग एक सेमिस्टर म्हणजे एक वर्ष होतं. कॅल्क्युलसच्या आधी तयारीचा कोर्स घ्यावा लागला तर तीन वर्षांचा आराखडा पहिल्याच दिवशी स्वीकारा. यूसी तीन वर्षं लागली म्हणून गुण कापत नाही. कम्युनिटी कॉलेजची युनिटं ७० च्या वर गेली तरी प्रवेशाला धोका नाही, फक्त ७० च्या वरच्या कोर्सेसना विषयापुरतं श्रेय मिळतं, युनिटांचं नाही. ३.८ घेऊन तीन वर्षांनी जाणं आणि ३.१ घेऊन दोन वर्षांनी कुठेच न जाणं, यात निवड अवघड नसावी.

जनरल एज्युकेशनबद्दल सल्ला गोंधळाचा मिळतो. २०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांना यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी कॅल-जीईटीसी हा एकच संच आहे, एकूण ३४ युनिटं, प्रत्येक कोर्सला किमान सी. जुने आयजीईटीसीचे तक्ते अजून फिरत असतात, ते विसरा. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्राकडे जाणाऱ्यानं हा संच पूर्ण करूनच जावं. कॉम्प्युटर सायन्स आणि अभियांत्रिकीला मात्र मेजरची तयारी आधी. कॅल-जीईटीसी पूर्ण, पण डेटा स्ट्रक्चर्स नाही, असा अर्ज बर्कलीच्या किंवा यूसीएलएच्या टेबलावर टिकत नाही. यूसीच्या सात कोर्सेसचा किमान संच तेवढा चुकवू नका. एपीत (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांत) ३ किंवा जास्त गुण असतील तर कॉलेज बोर्डाकडून कॉलेजला स्कोअर पाठवायला लावा. वर्गात डी असलेल्या मुलाचा एपीचा स्कोअर ४ निघतो, हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही. जीपीएत तो धरत नाहीत, पण कोर्स वाचतो.

आणखी एक बदल: २०२५ पासून काही सर्वसाधारण कोर्सेसना राज्यभर एकच क्रमांक आला आहे. इंग्रजी लेखन सगळीकडे ‘सी १०००’ या क्रमांकानं. क्रमांकात ‘सी’ दिसला की तो कोर्स दुसऱ्या कॉलेजातही जसाच्या तसा धरला जाईल.

हमी कुठे मिळते आणि कुठे नाही

टॅग, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, सहा कॅम्पसवर आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सान्ता बार्बरा, सान्ता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला नाही. सहापैकी एकच निवडायचं. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये जातो, यूसीच्या ट्रान्सफर प्लॅनरमधून. तोवर उन्हाळ्यासह ३० सेमिस्टर युनिटं झालेली असावी लागतात. पहिल्या सेमिस्टरला १२ घ्या असं सांगितलं तेव्हा उन्हाळ्यावर भर दिला तो यासाठी: १२, मग १३ किंवा १४, मग उन्हाळ्यात ५-६, झाली ३०. जीपीएची अट कॅम्पसगणिक आणि मेजरगणिक बदलते, अर्व्हाइन आणि सान्ता बार्बराला ती ३.४ च्या आसपास राहिली आहे. गणिताचा आणि इंग्रजीचा पहिला कोर्स फॉलअखेर झालेला हवा, अशीही अट काही ठिकाणी असते. टॅग भरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूसीचा मुख्य अर्ज त्याच मेजरसाठी भरावाच लागतो. तो न भरल्यामुळे हमी गमावणारी मुलं असतात.

तुमच्या बाबतीत कटू भाग असा की कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी टॅगच्या बाहेर आहे. सान्ता बार्बराचं अभियांत्रिकी महाविद्यालय टॅगमध्ये नाही, आणि तिथला सीएस (कॉम्प्युटर सायन्स) त्याच महाविद्यालयात आहे. ‘सोप्या मेजरला आत शिरू आणि मग सीएसला बदलू’ हा बेत घरोघरी शिजतो. बहुतेक कॅम्पसवर सीएस हे मर्यादित मेजर असल्यामुळे तो चालत नाही. त्याऐवजी शेजारच्या मेजरांकडे खुल्या मनानं बघा: उपयोजित गणित, स्टॅटिस्टिक्स, डेटा सायन्स, कॉग्निटिव्ह सायन्स. तयारीचे कोर्स बरेचसे तेच असतात.

सीएसयूकडे आपल्या लोकांत नाक मुरडलं जातं, त्याचं कारण मला कधी पटलेलं नाही. सॅन होजे स्टेटच्या दारात सिलिकॉन व्हॅली आहे. सीएसयूत रहिवाशांना किमान २.० जीपीए, ६० युनिटं, आणि गोल्डन फोर: वक्तृत्व, लेखन, चिकित्सक विचार, गणित. या चारांत किमान सी-मायनस. २०१० च्या एसबी १४४० कायद्यानं आलेली असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घेतली तर सीएसयूत कुठल्या तरी कॅम्पसवर, मिळत्याजुळत्या मेजरला जागा पक्की असते, आणि उरलेल्या ६० युनिटांत पदवी. ‘कुठल्या तरी’ हा शब्द महत्त्वाचा: सॅन होजेचा सीएस इम्पॅक्टेड आहे (जागांपेक्षा अर्ज जास्त), तिथली हमी नाही. यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे अर्ज करा, तारखा जवळपास एकच आहेत.

अर्जाविषयी थोडक्यात. यूसीला चार उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यात निवडलेल्या मेजरसाठी तयारी कशी केली, हा प्रश्न सक्तीचा. हायस्कूल का बिघडलं याचं पुराण या चारांत घालू नका. सांगायलाच हवं असं कारण असेल, आजारपण, घरातली पडझड, तर अतिरिक्त माहितीच्या रकान्यात चार वाक्यं पुरतात. ग्रेड्स स्वतः भरायच्या असतात, त्या ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून भरा, आठवणीवर नाही. डब्ल्यूसुद्धा दाखवायचे. जानेवारीत फॉलच्या ग्रेड्स आणि स्प्रिंगचे कोर्स कळवायचा फॉर्म येतो. तो भरला नाही तर चांगला झालेला फॉल कुणाला दिसतच नाही.

पैसा आणि व्हिसा

रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. डी अँझासारख्या क्वार्टर कॉलेजात युनिटमागे ३१. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला पुष्कळ कॉलेजं दोन वर्षं ही फी माफ करतात, पण त्यासाठी फाफ्सा (फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज) किंवा राज्याचा पर्यायी अर्ज भरलेला लागतो. उत्पन्न जास्त आहे म्हणून फाफ्सा न भरणं ही चूक.

मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर वेगळा हिशेब. पालकांचं वास्तव्य कॅलिफोर्नियात सिद्ध झालं तर एच-४ वाल्यालाही निवासी फी लागू होऊ शकते, फेडरल मदत मात्र मिळत नाही. २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो, आणि तीन वर्षांचा आराखडा असेल तर हा दिवस नेमका ट्रान्सफरच्या आसपास येतो. पुढे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतल्यास दर सेमिस्टरला पूर्णवेळ युनिटं लागतात आणि ऑनलाइन कोर्सवर कडक मर्यादा येते, त्यामुळे ‘एक कोर्स सोडून १० युनिटांवर राहू’ ही सोय संपते. निवासी फी तशीच चालू राहील असं गृहीत धरू नका. विसाव्या वर्षीच इमिग्रेशन वकिलाशी आणि विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसशी बोलून घ्या.

दुसऱ्या राज्यांत ही चौकट वेगळी आहे. न्यू जर्सीत असोसिएट पदवी पूर्ण केली तर सरकारी विद्यापीठांत युनिटं एकत्रित धरली जातात, टेक्सासमध्ये ४२ क्रेडिट तासांचा कोअर (सर्वसाधारण विषयांचा संच) एकगठ्ठा जातो, वॉशिंग्टनमध्ये डायरेक्ट ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट आहे. तिथे पदवी घेऊन जाण्याला जास्त महत्त्व. कॅलिफोर्नियात यूसीला असोसिएट पदवी लागत नाही.

पालकांना सांगायचं ते हे. कॉलेजात पाऊल ठेवताच, वय १८ च्या खाली असलं तरी, रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा होतो. फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे प्राध्यापक तुमच्या ईमेलला उत्तर देणार नाहीत. त्यामुळे काउन्सेलरची वेळ घेणं, वेटलिस्टवर थांबून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन अ‍ॅड कोड (वर्गात नोंदणी करून घ्यायचा क्रमांक) मागणं, ही कामं त्यालाच करू द्या. हायस्कूलमध्ये त्याला आयईपी किंवा ५०४ प्लॅन (शिकण्यातल्या अडचणींसाठी शाळेनं करून दिलेला मदतीचा लेखी आराखडा) होता का? आयईपी तिथेच संपतो आणि ५०४ चा कागदही आपोआप पुढे येत नाही. एडीएचडी किंवा डिसलेक्सिया असेल तर कॉलेजच्या डीएसपीएस (अशा अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) कार्यालयात स्वतः जाऊन नोंद करावी लागते, परीक्षेला जादा वेळ वगैरे त्यानंतर मिळतं, आणि मागच्या परीक्षांना लागू होत नाही. कधीच तपासणी झाली नसेल आणि मुलगा वर्गात समजतं पण पेपर पुरा होत नाही म्हणत असेल, तर उन्हाळ्यात तपासणी करून घ्या. २.३ मागचं कारण न शोधता त्याला कॉलेजात पाठवलं तर तेच कारण सोबत जातं, आणि इथे हायस्कूलसारखी घरी फोन करणारी शिक्षिका नसते.

या महिन्यातली कामं: सीसीसी-अप्लायवर (कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर) कॉलेजचा विनाशुल्क अर्ज, ओरिएंटेशन, काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅन. हे तीन झाले की नोंदणीची लवकरची तारीख मिळते. जुलैत जागे झालेल्यांना कॅल्क्युलसचा चांगल्या वेळेचा वर्ग मिळत नाही, फिजिक्सची लॅब तर नाहीच.

आणि प्रवेश मिळाल्यावरचं एक. एप्रिलमध्ये येणारं पत्र सशर्त असतं. १ जूनपर्यंत होकार, साधारण १ जुलैपर्यंत अंतिम ट्रान्सक्रिप्ट. अर्जात लिहिलेला स्प्रिंगचा कोर्स सोडायचा झाला किंवा त्यात डी दिसू लागला, तर आधी कॅम्पसच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला पोर्टलवरून कळवायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं, मग कोर्सला हात लावायचा. मे महिन्यात न कळवता सोडलेल्या डिस्क्रीट मॅथपायी जुलैत प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तोवर सीएसयूची जागाही सोडून दिलेली असते.